घरी बांधलेलं विमान आणि आकड्यांचा भागाकार

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बोइंग नाहीतर एअरबस येते. पण अमेरिकेत अशी हजारो विमानं आहेत, जी कुणीतरी घरच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवारी, नोकरी सांभाळून पाच-सात वर्षं खपून बांधलेली आहेत. त्यांना तिकडे 'होमबिल्ट' म्हणतात. बांधणारा कुणी डेंटिस्ट असतो, कुणी शाळामास्तर, कुणी आपल्यासारखा इंजिनियर. आणि ही विमानं खरोखर उडतात, बरं का! नुसती उडत नाहीत, तर त्यातून लोक बायकापोरांना घेऊन हजार-हजार किलोमीटर जाऊन येतात.

हे पहिल्यांदा कळलं की आपल्या मनात एकच प्रश्न येतो. माझ्या रूम पार्टनरनेही तोच विचारला, "अरे पण सेफ असतं का ते?" साधा प्रश्न वाटतो. उत्तर शोधायला गेलो तेव्हा लक्षात आलं की आधी भागाकार नीट करायला शिकावं लागतं. या लेखात तेच सांगायचंय.

आधी थोडी ओळख. अमेरिकेच्या एफएए या सरकारी खात्याचा नियम असा आहे, की विमानाच्या बांधणीतलं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी, केलेलं असलं पाहिजे. बोलताना याला '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. बाकीचं विकत आणा, काही हरकत नाही. इंजिन, प्रॉपेलर, चाकं, मीटर घरी कोण बनवणार? अशा विमानावर 'एक्स्परिमेंटल' असं ठळक लिहावं लागतं आणि हे विमान कारखान्यातल्या विमानांचे सुरक्षा-नियम पाळत नाही, अशी पाटी आत बसणाऱ्याला दिसेल अशी लावावी लागते. हौशी मंडळींची ईएए नावाची संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये सुरू केली. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी दरवर्षी जुलैत तिची जत्रा भरते. जत्राच ती, दुसरा शब्द नाही. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या व्हॅन्स या कंपनीच्या किटपासून बांधलेली दहा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. म्हणजे हा चार वेड्यांचा उद्योग नाही.

दुसऱ्या बाजूला कारखान्याची छोटी विमानं. त्यांचा राजा म्हणजे सेसना १७२. १९५६ पासून ४४ हजारांहून जास्त बनली. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबमध्येही हेच विमान दिसतं. अशा विमानाचा एक नमुना सरकारपुढे सगळ्या चाचण्यांतून पास होतो आणि मग पुढचं प्रत्येक विमान त्या नमुन्याबरहुकूम निघतं. होमबिल्टमध्ये ही दुसरी गोष्ट नसते. एकाच ड्रॉइंगवरून दहा जणांनी बांधलेली दहा विमानं दहा प्रकारची असतात.

आता आकडे. अमेरिकेत अपघातांचा तपास करणारं एनटीएसबी नावाचं स्वतंत्र मंडळ आहे. त्यांनी २०१२ मध्ये होमबिल्टवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २००१ ते २०१० या दहा वर्षांच्या नोंदी त्यांनी चाळल्या आणि २०११ सालच्या २२४ अपघातांचा एकेक करून तपास केला. शिवाय ईएएच्या मदतीने पाच हजारांवर मालक आणि बांधणाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. निष्कर्ष असा: अमेरिकेतल्या छोट्या, खासगी वापराच्या विमानांत होमबिल्ट सुमारे १० टक्के. पण २०११ च्या एकूण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के.

इथे बरेच लोक '१० आणि २१, म्हणजे दुप्पट' म्हणून मोकळे होतात. तसं नाही. तुलना 'होमबिल्ट' आणि 'सगळे' यांच्यात करायची नसून 'होमबिल्ट' आणि 'बाकीचे' यांच्यात करायची आहे. १०० विमानं धरा. १० होमबिल्ट, ९० कारखान्याची. जीवघेणे अपघातही १०० धरा. २१ भागिले १० म्हणजे २.१. उरलेले ७९ भागिले ९० म्हणजे ०.८८. गुणोत्तर निघालं २.४. एकूण अपघातांचं असंच काढलं तर १.६. आणखी एक पाहा. २२४ पैकी ५४ अपघात जीवघेणे होते, म्हणजे साधारण दर चौथ्या अपघातात कुणीतरी गेलं. अपघात झाला तर तो जीवघेणा ठरण्याचं प्रमाण कारखान्याच्या विमानांपेक्षा वरच्याच टक्केवारीवरून दीडपट पडतं.

पण थांबा. हा भागाकार 'दर विमानामागे' झाला. खाली विमानांची संख्या ठेवायची की उडालेले तास? आपली एसटी आणि गावातल्या पाटलांची वर्षातून चार वेळा बाहेर निघणारी अँबेसिडर, दोन्ही गाड्या 'एक' म्हणून मोजल्या तर काय हिशोब होणार? फ्लाइंग क्लबचं सेसना वर्षाला ५०० तास उडतं आणि हौशी माणसाचं विमान ५० तास, असं समजा. दर तासामागे दोघांचा धोका सारखा असता, तर दर विमानामागे सेसनाचे अपघात दहापट दिसायला हवे होते. प्रत्यक्षात कमी उडणाऱ्या होमबिल्टचेच जास्त दिसतात. म्हणजे तासांचा भागाकार केला की फरक कमी न होता वाढतो. एनटीएसबीनेही हेच म्हटलंय, की उड्डाणाच्या तासांमागे होमबिल्टचा अपघातदर तुलनेतल्या विमानांपेक्षा बराच जास्त आहे. 'तुलनेतल्या' हा शब्द महत्त्वाचा. शिकाऊ उड्डाणात शेजारी मास्तर बसलेला असतो, कंपनीच्या विमानात पगारी पायलट असतो. ते सगळं मिसळून होमबिल्टशी तुलना केली तर ती अन्यायाची. म्हणून सारख्या प्रकारचं उड्डाण करणारी विमानंच शेजारी ठेवली, आणि तरी फरक राहिला.

तासांच्या आकड्याबद्दल मात्र थोडं जपून. छोटं विमान किती उडालं याची नोंद कुठल्या टोलनाक्यावर होत नाही. एफएए दरवर्षी काही मालकांना निवडून विचारतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. विमानांची संख्याही तशीच निसरडी. शेडमध्ये धूळ खात पडलेली, मालक वारलेली विमानंही वर्षानुवर्षं रजिस्टरवर राहायची. शेवटी २०१० मध्ये ठरावीक मुदतीने पुन्हा नोंदणी करण्याचा नियम आणावा लागला. अपघात मात्र नेमके मोजले जातात. वरचा आकडा पक्का आणि खालचा अंदाजाचा! म्हणून २.४ हा आकडा २.४३७ असा छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे संशयाने बघायचं.

दुसरी भानगड म्हणजे 'होमबिल्ट' हा एक गट नाहीच. त्यात पन्नास किलोमीटर वेगाने तरंगणारी कापडी विमानंही आहेत आणि लढाऊ विमानासारखी पळणारीही. लॅन्सेर नावाची वेगवान जात आहे. एफएएने २००९ मध्ये पाहिलं तेव्हा होमबिल्टमध्ये लॅन्सेर जेमतेम ३ टक्के होती, पण आधीच्या अकरा महिन्यांत होमबिल्टच्या जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा होता १६ टक्के. कारण आपल्या फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्येच आहे. ज्या वेगाच्या खाली पंख विमानाला धरून ठेवत नाहीत तो स्टॉलचा वेग. कारखान्याच्या एक-इंजिनी विमानांना हा वेग ६१ नॉटच्या आत ठेवण्याचं बंधन कित्येक दशकं होतं. होमबिल्टला तसं काही नाही. शेतात उतरायची वेळ आली आणि जमिनीला टेकताना वेग ५० ऐवजी ७० नॉट असला, तर गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात म्हणजे जवळपास दुप्पट. ती जिरवायला आत बसलेल्याची हाडंच उरतात. वेगाच्या हौसेची किंमत बांधणीच्या खात्यावर टाकणं चूक आहे.

मग बांधणीत दोष नसतोच का? आपल्या सगळ्यांच्या मनात चित्र असतं की घरी मारलेले रिव्हेट निघाले आणि हवेत पंख तुटला. हे चित्र जवळजवळ खोटं आहे. सांगाडा मोडण्याचे प्रकार होमबिल्टमध्ये फारसे आढळत नाहीत, असं एनटीएसबीने स्पष्ट नोंदवलंय. सर्वांत जास्त अपघात दोन कारणांनी. एक, इंजिनाची ताकद जाणे. दोन, हवेत विमानावरचा ताबा सुटणे. इंजिन तर बहुतेक वेळा विकतचं, मग ते का बंद पडतं? कारण इंजिनपर्यंत पेट्रोल नेणारी व्यवस्था बांधणारा स्वतः करतो. टाकी, नळ्या, फिल्टर, कॉक, पंप, टाकीत हवा जायची वाट. कारखान्याच्या विमानात हे सगळं नमुना पास होतानाच तपासलेलं असतं. घरच्या विमानात ते पहिल्यांदाच एकत्र आलेलं असतं.

याची चाचणी मात्र इतकी सोपी आहे की आपल्या वर्कशॉपमध्येही करता येईल. विमानाचं नाक चढताना जितकं वर असतं तितकं उचलून ठेवायचं, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवायचं, कार्बोरेटरजवळची नळी सोडवून बादलीत धरायची आणि स्टॉपवॉच लावायचं. कारखान्याच्या विमानांचा जुना दंडक असा, की नुसत्या उताराने पेट्रोल येत असेल तर टेक-ऑफला लागतं त्याच्या दीडपट यायला हवं आणि पंपाने येत असेल तर सव्वापट. इंजिन टेक-ऑफला तासाला ६० लिटर पीत असेल, तर बादलीत मिनिटाला दीड लिटर पडलं पाहिजे. बस्स. एनटीएसबीच्या शिफारशींत हेच होतं, की पेट्रोलच्या व्यवस्थेची अशी चाचणी करून तिचा कागद सादर करायला लावा.

आणि कारखान्याचा माल निर्दोष असतो असंही समजू नका. व्हॅन्सने छिद्रं पंच करण्याऐवजी काही सुटे भाग लेझरने कापून घेतले. चपट्या डोक्याचा रिव्हेट पत्र्याच्या पातळीत बसावा म्हणून छिद्राची कड दाबून वाटीसारखी करतात, त्याला डिंपल म्हणतात. लेझरच्या छिद्रांना डिंपल करताना कडेला बारीक चिरा जाऊ लागल्या. १,८०० हून जास्त ग्राहकांपर्यंत हे भाग पोचले होते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचं संरक्षण घ्यावं लागलं, पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली. गंमत म्हणजे चिरा दिसल्या त्या घरी बसून पत्रा हाताळणाऱ्या हौशी लोकांना.

आता मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. रिलायबिलिटी शिकताना सर फळ्यावर बाथटबचा आकार काढतात. नवीन यंत्र सुरुवातीला जास्त बिघडतं, मग बरीच वर्षं शांत, मग म्हातारपणी पुन्हा बिघाड. होमबिल्टचा अभ्यास वाचताना बाथटबची डावी कड मला दोनदा दिसली.

२०११ च्या २२४ अपघातांत २२७ होमबिल्ट होती. त्यातली १०२ मालकाने स्वतः बांधलेली आणि १२५ दुसऱ्याकडून विकत घेतलेली. स्वतः बांधलेल्या १०२ पैकी १० विमानांना अपघात झाला तो आयुष्यातल्या पहिल्याच उड्डाणात. विमानाचं आयुष्य हजार तासांचं धरलं आणि पहिलं उड्डाण अर्ध्या तासाचं, तर एवढ्याशा वेळेत दहा टक्के अपघात! ही झाली पहिली कड, आणि ती अपेक्षितच आहे. पण विकत घेतलेल्या १२५ पैकी १४ अपघात नव्या मालकाच्या पहिल्या उड्डाणात झाले. म्हणजे ११ टक्के. ही विमानं नवी नव्हती. आधीच्या मालकाकडे ती व्यवस्थित उडत होती. ना रिव्हेट बदलला, ना इंजिन. बदललं काय, तर माणूस. बाथटब पुन्हा डावीकडून सुरू झाला.

हे पायलट नवशिके होते म्हणावं, तर तसंही नाही. होमबिल्टच्या पायलटांचा एकूण अनुभव इतरांइतकाच किंवा जास्तच असतो, असं अभ्यास सांगतो. अपघातवाल्यांकडे कमी होता तो त्या विशिष्ट विमानाचा अनुभव. कारखान्याचं विमान विकलं जातं तेव्हा त्याच्याबरोबर छापील पुस्तक जातं, आणि तेच विमान चालवणारे मास्तर गावोगाव असतात. होमबिल्टबरोबर जायला हवी असलेली माहिती बऱ्याचदा बांधणाऱ्याच्या डोक्यातच असते.

हॉस्टेलमधल्या गिटारवाल्यांना जॉन डेन्व्हर हा गायक माहीत असेल. तो १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात विमान कोसळून गेला. विमान होतं लाँग-ईझी, बर्ट रुटान यांचं गाजलेलं डिझाइन. डेन्व्हरला विमान चालवण्याचा २,७०० तासांहून जास्त अनुभव होता. हे विमान मात्र त्याने बांधलेलं नव्हतं, विकत घेतलेलं होतं, आणि ताब्यात येऊन एकच दिवस झाला होता.

जुन्या स्प्लेंडरला पेट्रोल कॉक असायचा. गाडी आचके द्यायला लागली की चालता चालता डाव्या हाताने खाली चाचपून कॉक रिझर्व्हला लावायचा. विमानातही एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जायला असाच कॉक असतो. रुटानच्या ड्रॉइंगमध्ये तो पायलटच्या पुढे, दोन पायांच्या मध्ये होता. या विमानाच्या बांधणाऱ्याने पेट्रोलची नळी बसायच्या जागेत नको म्हणून तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे, पाठीमागच्या भिंतीवर बसवला. विचार वाईट नव्हता, पण परिणाम काय? कॉक फिरवायचा तर उजव्या हाताने दांडी सोडायची, अंग डावीकडे पिळायचं आणि हात खांद्यावरून मागे न्यायचा. अंग तसं पिळताना उजवा पाय आपोआप पॅडलवर रेटला जातो. खुर्चीवर बसून करून बघा, लगेच पटेल. पेट्रोल दाखवणारे काचेचे गेजही मागे होते आणि त्यांच्यावर खुणा नव्हत्या. एका मेकॅनिकने ते बघायला त्याला छोटा आरसा दिला होता. हात पोचेना म्हणून कॉकच्या दांड्याला पकड लावून पाहिली, तरी जमेना. पेट्रोल भरू का विचारलं, तर तासाभराचंच काम आहे म्हणून त्याने नको सांगितलं. तीन वेळा टेकून उडण्याचा सराव करून तो समुद्राकडे गेला. इंजिन फटफटल्याचा आवाज लोकांनी ऐकला आणि विमान नाकावर खाली आलं. कॉक फिरवण्याच्या नादात लक्ष हटलं, पाय रेटला गेला आणि ताबा सुटला, असं एनटीएसबीने ठरवलं. पेट्रोल, ताबा सुटणं, हस्तांतर: २०१२ च्या अभ्यासातली तिन्ही कारणं पंधरा वर्षं आधी या एका अपघातात हजर होती.

हे वाचताना मला आमची वर्कशॉपमधली बाहाची गाडी आठवत होती. दरवर्षी फायनल इयरची टीम पास आउट होते आणि गाडी ज्युनियर्सच्या ताब्यात येते. आम्हाला मिळाली तेव्हा किल स्विचची वायर चासीच्या आतून कुठे जाते हे कागदावर कुठेच नव्हतं. जोडणारा सीनियर तोवर बंगळुरूला जॉइन झाला होता. फोनवर तो म्हणाला, "अरे सीटखाली एक निळी वायर आहे बघ." सीटखाली तीन निळ्या वायरी होत्या. किल स्विच म्हणजे ड्रायव्हरचा शेवटचा आधार! आम्ही दोन रात्री जागून सगळी वायरिंग सोडवली, प्रत्येक वायरला टॅग लावले आणि मगच गाडी ग्राउंडवर काढली. गाडी जमिनीवर चालते म्हणून दोन रात्री थांबता आलं.

अमेरिकेत यावर उपाय झाले. नव्या होमबिल्टला सुरुवातीचे २५ तास, आणि इंजिन-प्रॉपेलरची जोडी प्रमाणित नसेल तर ४० तास, प्रवासी न घेता चाचणीचं उड्डाण करावं लागतं. आता तासांऐवजी ठरावीक चाचण्या पूर्ण करण्याचाही पर्याय आहे आणि तो मला जास्त शहाणपणाचा वाटतो. चाळीस तास गावाभोवती घिरट्या घातल्या तर वही भरते, विमान कळत नाही. पूर्वी या काळात एकट्यानेच उडायचं, असा दंडक होता. म्हणजे सर्वांत धोक्याच्या वेळी सर्वांत कमी अनुभवाचा माणूस एकटा! २०१४ पासून ते विमान जाणणाऱ्या दुसऱ्या पायलटला सोबत घ्यायची मुभा मिळाली. जीवघेण्या अपघातांची संख्या त्या दशकात खाली आली. ती कुठल्या एका उपायाने, हे आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही.

आपल्याकडे बंगळुरूच्या एनएएलने रुटानच्या याच लाँग-ईझीच्या डिझाइनवरून एक विमान बांधून १९८७ मध्ये उडवलं, तंतू आणि रेझिनचं काम शिकण्यासाठी. आणि खरा हौशी म्हणावा तर मुंबईचे कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, २०१७ मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाची परवानगी आली २०१९ मध्ये. मधली बरीच वर्षं कागदांत गेली, कारण घरी बांधलेल्या विमानाला कुठल्या रकान्यात बसवायचं हाच प्रश्न होता. अशा एक-दोन विमानांवर टक्केवारी काढता येत नाही. पण प्रत्येक उड्डाणाची तारीख, तास, भरलेलं पेट्रोल, बदललेला भाग आणि बसवलेल्या कॉकची जागा, हे पहिल्या विमानापासून वहीत लिहिता येतं. अमेरिकेत पन्नास वर्षांनी प्रश्नावली पाठवून जे गोळा करावं लागलं, ते नेमकं हेच होतं.